कॉम्प्युटर सुरू केला की चॅट आपोआप साइन इन होतं, कसं थांबवायचं?

चांदणचुरा | रविवार, रात्री ११:०५

नमस्कार.

घरात कॉम्प्युटर एकच आहे आणि तो आम्ही चौघं वापरतो. दिवसा माझं काम, संध्याकाळनंतर मुलाचा अभ्यास, मधूनमधून आई बातम्या वाचते. कामासाठी मी एक चॅटचा प्रोग्राम टाकला आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ऑफिसातले काही जण इथे वाचायला असतात. कॉम्प्युटर कुणीही सुरू केला तरी मिनिटाभरात हा प्रोग्राम उघडतो आणि माझ्या नावाने साइन इन होतो. पासवर्डही विचारत नाही.

गेल्या आठवड्यात मुलाने रात्री साडेअकराला काहीतरी छापायला म्हणून कॉम्प्युटर लावला. मी झोपले होते. माझ्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला म्हणून आमच्या टीममधल्या एकीने मला मेसेज केला. तिचं काम अडलं होतं, तिला खरंच मदत हवी होती. मुलाने समोर आलेली खिडकी बाजूला सारायला तिच्यावर क्लिक केलं आणि मेसेज ‘वाचला’ अशी खूण तिच्याकडे गेली. तिने आणखी चार मेसेज केले. सकाळी ती माझ्याशी नीट बोलेना. मी सगळं सांगितलं, तिने ऐकूनही घेतलं. पण ‘ऑनलाइन होतीस, वाचलंस आणि उत्तर दिलं नाहीस’ हे तिच्या मनातून पुरतं गेलंय असं मला वाटत नाही. फार लागलंय मला ते.

काम संपलं की मी रोज फुलीवर क्लिक करून खिडकी बंद करते. तरी हे होतंच. मी स्वतः उघडेन तेव्हाच तो उघडावा आणि मी पासवर्ड दिल्याशिवाय माझ्या खात्यात शिरू नये, एवढंच हवंय. कसं करायचं?

कळफलक | रविवार, रात्री ११:२०

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘स्टार्टअप’ नावाचं पान आहे. तिथे तुमचा प्रोग्राम शोधा, राइट क्लिक, ‘डिसेबल’. झालं.

तिरकीरेघ | रविवार, रात्री ११:५२

कळफलक यांनी सांगितलेलं बरोबर आहे आणि आधी तेच करा. पण त्याने तुमचं अर्धंच काम होईल. तुम्ही एक प्रश्न विचारलाय असं दिसतं, प्रत्यक्षात ते दोन आहेत.

प्रोग्राम आपोआप सुरू होतो तो ऑपरेटिंग सिस्टीममुळे. कॉम्प्युटर चालू झाल्यावर कोणकोणते प्रोग्राम उघडायचे याची यादी तिच्याकडे असते, आणि चॅटचे बहुतेक प्रोग्राम इन्स्टॉल होतानाच त्या यादीत आपलं नाव घालतात. सुरू झाल्यावर तुमच्या खात्यात शिरणं ही मात्र प्रोग्रामची स्वतःची करणी. तुम्ही पहिल्यांदा पासवर्ड टाकता तेव्हा समोरचा सर्व्हर तो तपासतो आणि प्रोग्रामला एक लांबलचक गुप्त अक्षरमाळ देतो. तिला टोकन म्हणतात. प्रोग्राम ती तुमच्या डिस्कवर जपून ठेवतो. पुढच्या वेळी तो पासवर्ड मागतच नाही, ती अक्षरमाळ दाखवतो आणि सर्व्हर त्याला आत घेतो. म्हणून यादीतून नाव काढलं तरी टोकन जागेवरच असतं. उद्या आईने चुकून त्या चिन्हावर क्लिक केलं तर प्रोग्राम थेट तुमच्या नावाने उघडेल.

आता फुलीचं. चॅटच्या बऱ्याच प्रोग्रामांत फुलीने प्रोग्राम बंद होत नाही, फक्त नजरेआड होतो. टास्कबारवर घड्याळाजवळ जे छोटं वर वळलेलं टोक आहे त्यावर क्लिक करून पाहा, तिथे तो बसलेला सापडेल. त्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘क्विट’ किंवा ‘एक्झिट’ केलं तर तो खरोखर बंद होतो. पण क्विट म्हणजेही साइन आउट नाही. क्विट केल्यावर टोकन डिस्कवर राहतं. साइन आउट केलं की प्रोग्राम ते टाकून देतो आणि पुढच्या वेळी पासवर्ड मागतो.

तुमच्या बाबतीत दोन्ही करावं लागेल. विंडोज कोणतं आहे आणि रात्री कॉम्प्युटर बंद कसा करता, तेही लिहा. दुसरा प्रश्न उगाच विचारत नाहीये.

पायरीवरची | सोमवार, सकाळी ७:४०

क्विट म्हणजे साइन आउट नव्हे, हे मला आज कळलं. इतकी वर्षं मी ते एकच धरून चालले होते. धन्यवाद.

चांदणचुरा | सोमवार, सकाळी ९:१५

तिरकीरेघ, इतकं नीट समजावून सांगितल्याबद्दल आभार. विंडोज ११ आहे. रात्री स्टार्ट मेनूतून ‘शट डाउन’ करते.

कळफलक यांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्रीच टास्क मॅनेजरमध्ये जाऊन डिसेबल केलं. त्या ओळीत ‘डिसेबल्ड’ असं लिहून आलेलं मी स्वतः पाहिलं. आज सकाळी कॉम्प्युटर लावला आणि प्रोग्राम पुन्हा उघडला. हिरवा ठिपका आहेच.

कळफलक | सोमवार, सकाळी ९:३१

मग प्रोग्रामच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये तशी टिक असणार. ती काढा. बहुतेकांत सेटिंगच्या पहिल्याच पानावर असते. टीम्समध्ये ‘जनरल’खाली ‘ऑटो-स्टार्ट’ असं काहीतरी. टेलिग्राममध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘लाँच टेलिग्राम व्हेन सिस्टीम स्टार्ट्स’. शब्द वेगळे असतात, पण ‘स्टार्ट’, ‘लाँच’ किंवा ‘लॉगिन’ यातला एक असतोच.

जुनापेन | सोमवार, दुपारी १:०८

धागा वाचून जुनी गोष्ट आठवली, आणि ती इथे कामाची आहे म्हणून जरा लांबण लावतो.

२००१ साली विंडोज एक्सपी आलं तेव्हा त्याच्यासोबतच विंडोज मेसेंजर होता. घड्याळाशेजारी त्याचं छोटं चिन्ह दिसायचं. मी तेव्हा एका कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळायचो. लोक येऊन नेमकं हेच विचारायचे, की हा आपोआप का येतो आणि मला न विचारता साइन इन का होतो. मेसेंजरच्या ऑप्शन्समध्ये ‘विंडोज सुरू झाल्यावर हा प्रोग्राम चालव’ अशा अर्थाची टिक होती. ती काढली की बहुतेकांचं काम व्हायचं. बहुतेकांचं, सगळ्यांचं नाही. काहीजण दुसऱ्या दिवशी परत यायचे. टिक काढलेलीच असायची आणि मेसेंजर मात्र हजर!

खूप शोधल्यावर कळलं, की त्या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. ते सकाळी आल्या आल्या मेल बघायला आउटलुक एक्स्प्रेस उघडायचे. त्या मेलच्या प्रोग्रामात, त्याच्या स्वतःच्या ऑप्शन्समध्ये, जनरल पानावर एक वेगळी टिक होती: विंडोज मेसेंजरमध्ये आपोआप लॉग ऑन करा. म्हणजे मेसेंजरला विंडोज उठवत नव्हतं, मेलचा प्रोग्राम हाक मारत होता. ती टिक काढल्यावर हाक थांबली.

तेव्हापासून असा प्रश्न आला की मी आधी विचारतो, याला बोलावतंय कोण? चांदणचुरा, तुम्ही यादीतून नाव काढलंत, ते नीट निघालंय. तरी तो येतोय म्हणजे बोलावणारा दुसरा कुणीतरी आहे. तो शोधा. प्रोग्रामच्या मागे लागू नका.

आणि हो, त्या मेसेंजरवर साइन इन झालं की सगळ्या यादीला कळायचं, तुमची हजेरीच लागायची. याहू मेसेंजरमध्ये निदान ‘अदृश्य राहून साइन इन’ अशी सोय होती आणि लोक ती मनापासून वापरायचे. २०१८च्या जुलैत तो बंद झाला तेव्हा मला त्या सोयीची आठवण आधी आली.

उंबरठा | सोमवार, दुपारी १:३०

याहूच्या अदृश्य सोयीला +१. आजही काही प्रोग्रामांत ‘अपिअर ऑफलाइन’ मिळतं. पण धागाकर्तीच्या अडचणीवर तो उपाय नव्हे. मेसेज येणार, उघडले जाणार, वाचल्याची खूणही जाणार.

तिरकीरेघ | सोमवार, संध्याकाळी ६:४५

जुनापेन यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. मी शट डाउनबद्दल विचारलं होतं ते त्यासाठीच.

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज उघडा, मग ‘अकाउंट्स’, मग ‘साइन-इन ऑप्शन्स’. खाली या. ‘ऑटोमॅटिकली सेव्ह माय रीस्टार्टेबल अ‍ॅप्स’ अशी सुरुवात असलेली एक ओळ दिसेल आणि तिच्यासमोर चालू-बंदचं बटण. ते चालू असेल, तर तुम्ही बंद करताना जे प्रोग्राम उघडे होते त्यातले काही विंडोज लक्षात ठेवतं आणि परत साइन इन केल्यावर पुन्हा उघडून देतं. स्टार्टअपच्या यादीशी याचा काही संबंध नाही. तुमचा प्रोग्राम फुलीनंतरही घड्याळाशेजारी जिवंत असतो, म्हणजे विंडोजच्या दृष्टीने तो ‘उघडा’च आहे. मला दाट शंका आहे ती इथेच.

ते बंदच निघालं तर पुढे आणखी काही जागा बघायच्या. विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत ‘शेल’, मग कोलन, मग ‘स्टार्टअप’ असं सलग टाइप करून एंटर करा. एक फोल्डर उघडेल. त्यात ज्याचं शॉर्टकट पडलंय तो प्रोग्राम सुरुवातीला चालतो. असाच एक फोल्डर सगळ्या वापरणाऱ्यांसाठी मिळून असतो, त्यासाठी ‘स्टार्टअप’च्या आधी ‘कॉमन’ हा शब्द आणि एक मोकळी जागा. टास्क शेड्युलरमध्येही ‘लॉग ऑन झाल्यावर’ चालणारं काम कुणी लावलेलं असू शकतं. आणि मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन चालवलं तर या सगळ्या जागा एकाच खिडकीत दिसतात. मात्र त्यातली ओळख पटत नसलेली कुठलीही ओळ पुसू नका, फक्त टिक काढा. टिक परत लावता येते.

रानवारा | सोमवार, संध्याकाळी ७:१०

रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या कोठारातल्या, ‘रन’ नावाच्या जागेतून नोंदच उडवून टाका ना. मी तसंच करतो, परत येत नाही.

तिरकीरेघ | सोमवार, संध्याकाळी ७:२६

रानवारा, तुमचा हात बसलाय म्हणून तुम्हाला ते सोपं. नवख्या माणसाला मी रजिस्ट्रीत पाठवणार नाही, आणि इथे त्याची गरजही नाही. उलट तोटाच आहे. तुम्ही नोंद पुसलीत आणि प्रोग्राम अपडेट होताना त्याने ती पुन्हा लिहिली, तर तो परत सुरू होऊ लागतो. टास्क मॅनेजरमधून डिसेबल केलं की विंडोज मूळ नोंद तशीच ठेवतं आणि ‘ही चालवायची नाही’ अशी खूण वेगळीकडे करून ठेवतं. प्रोग्रामने त्याच नावाने नोंद पुन्हा लिहिली तरी ती खूण टिकते. जे साध्या रस्त्याने होतं आणि जास्त टिकतं, तेच सांगावं.

रानवारा | सोमवार, संध्याकाळी ७:४०

हे मला माहीत नव्हतं. मान्य. माझा वरचा सल्ला कुणी घेऊ नये.

चांदणचुरा | सोमवार, रात्री १०:२२

सापडलं!

साइन-इन ऑप्शन्समधलं ते बटण चालूच होतं. आणि ते मीच चालू केलं होतं. कॉम्प्युटर नवा घेतला तेव्हा सकाळी सगळ्या फायली पुन्हा उघडाव्या लागू नयेत म्हणून केल्याचं आता आठवतंय. बंद केलं, दोनदा शट डाउन करून पाहिलं. प्रोग्राम आला नाही. दोन्ही वेळा घड्याळाशेजारी पाहिलं, तिथेही नाही.

जुनापेन, तुमचं ‘बोलावतंय कोण’ मी कागदावर लिहून ठेवलंय.

आता दुसरा अर्धा भाग. प्रोग्राममध्ये माझ्या चित्रावर क्लिक करून साइन आउट केलं. मग चिन्हावर क्लिक करून पुन्हा उघडला. माझं नाव दिसलं, त्यावर क्लिक केलं, आणि पासवर्ड न विचारता सरळ आत! साइन आउट करूनही असं का?

अबोली२ | सोमवार, रात्री १०:५०

साइन इनच्या पानावर ‘मला लक्षात ठेवा’ अशी टिक असेल. पासवर्ड टाकताना ती काढलेली असायला हवी. ब्राउझरमधून साइन इन होत असेल तर ब्राउझरने पासवर्ड जपून ठेवलाय का तेही बघा.

तिरकीरेघ | मंगळवार, सकाळी ८:०५

अबोली२ यांच्या दोन्ही शक्यता आधी तपासा. त्याखेरीज आणखी दोन जागा आहेत.

काही प्रोग्राम आपली ओळख स्वतःजवळ न ठेवता विंडोजच्या तिजोरीत ठेवतात. कंट्रोल पॅनलमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ म्हणून आहे, त्यात ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’ उघडा. तुमच्या प्रोग्रामच्या नावाची नोंद असेल तर ती काढा. नावावरून खात्री पटत नसेल तर हात लावू नका, कारण तिथे इतरांचीही सामग्री एकत्र असते: सामायिक फोल्डर, मेल वगैरे.

दुसरी जागा जास्त संभवते. ऑफिसचं खातं एखाद्या प्रोग्राममध्ये पहिल्यांदा टाकताना कधीकधी विचारतात की हे खातं या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या अ‍ॅप्ससाठी वापरायचं की फक्त याच अ‍ॅपसाठी. घाईत आपण पहिल्या, मोठ्या बटणावर क्लिक करतो. मग ते खातं विंडोजलाच जोडलं जातं, आणि एका प्रोग्राममधून साइन आउट केलं तरी विंडोज ते पुन्हा पुढे करतं. सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ इथे खातं दिसतंय का बघा. ‘ईमेल अँड अकाउंट्स’मध्येही बघा.

एक मात्र कळकळीने सांगतो. तिथून खातं तोडण्याआधी ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा. कॉम्प्युटर तुमच्या घरचा आहे, पण खातं त्यांचं आहे. काही ठिकाणी ते जोडलेलं असल्याशिवाय मेल चालत नाही.

निळीशाई | मंगळवार, सकाळी ११:३०

मॅकवाल्यांसाठी लिहून ठेवते, कुणीतरी शोधत येईलच. मॅकओएसच्या व्हेंचुरा आवृत्तीपासून, म्हणजे २०२२पासून, सिस्टीम सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि त्यात ‘लॉगिन आयटम्स’. वर उघडणाऱ्या अ‍ॅप्सची यादी असते, तिच्यातून वजाचं चिन्ह वापरून काढायचं. खाली ‘पार्श्वभूमीला चालू द्या’ अशा अर्थाची दुसरी यादी असते, तिथलं बटणही बंद करा. त्याहून जुन्या मॅकवर ‘युजर्स अँड ग्रुप्स’मध्ये लॉगिन आयटम्स सापडतात. डॉकमधल्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘ऑप्शन्स’मध्ये ‘ओपन अ‍ॅट लॉगिन’ची टिक काढली तरी चालतं.

आणि चांदणचुरा यांच्यासारखंच इथेही आहे. शट डाउन करताना येणाऱ्या चौकटीत ‘परत लॉगिन केल्यावर खिडक्या पुन्हा उघडा’ अशी टिक असते. ती राहिली तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

मुंगीपावलं | मंगळवार, दुपारी १२:१५

लिनक्सवर घरच्या फोल्डरात डॉट कॉन्फिग, त्यात ऑटोस्टार्ट. त्यातली प्रोग्रामच्या नावाची फाइल काढली की झालं.

पिजिन (अनेक चॅट-खाती एकत्र चालवणारा प्रोग्राम) वापरणारे अजून आहेत, त्यांच्यासाठी: ‘मॅनेज अकाउंट्स’मध्ये खात्यापुढची टिक काढली की ते खातं साइन इन होत नाही, बाकीची होतात. प्रोग्राम उघडायचाय पण कुठेच साइन इन व्हायचं नाही, तर आदेशाला उणे चिन्ह आणि एन जोडून चालवा. सुरू होताना कोणती स्थिती घ्यायची तेही पसंतीच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. फक्त त्यात पासवर्ड जपायला सांगू नका. तो साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत फाइलमध्ये लिहिला जातो. ती फाइल उघडणाऱ्या कुणालाही तो दिसतो.

अबोली२ | मंगळवार, दुपारी ३:०२

मला एक वेगळंच म्हणायचंय. चौघं एकच कॉम्प्युटर वापरता, तर चौघांची विंडोजवर वेगळी खाती का नाहीत? आपापल्या खात्यात प्रत्येकाचं आपापलं स्टार्टअप, आपापली टोकनं, आपापला ब्राउझर. मुलाने त्याच्या खात्यात साइन इन केलं तर तुमचा प्रोग्राम तुमच्या टोकनाने उघडूच शकत नाही. या धाग्यात आतापर्यंत सांगितलेलं सगळं मग अर्ध्याहून जास्त अनावश्यक ठरतं. सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘अदर युजर्स’. दहा मिनिटांचं काम.

उंबरठा | मंगळवार, दुपारी ३:४०

तत्त्वतः पटतं. पण घरातल्या वयस्कर माणसाला खातं बदलणं, पासवर्ड लक्षात ठेवणं हे जड जातं, असा माझा अनुभव आहे. माझ्या वडिलांनी दोन दिवसांत कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं. त्यांना वाटायला लागलं, आपल्याला आता यातलं काही जमत नाही. मला तो प्रयोग केल्याचा पश्चात्ताप झाला.

अबोली२ | मंगळवार, संध्याकाळी ५:१८

उंबरठा, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण एक सुचवू? पासवर्ड त्यांना नको, तुम्हाला हवा. वडिलांचं साधं, स्थानिक खातं करा, पासवर्डची जागा रिकामी सोडा. पडद्यावर त्यांचं नाव आणि चित्र, त्यावर क्लिक केलं की आत. कुलूप फक्त तुमच्या खात्याला. माझ्या आजीचं तसंच केलंय, ती स्वतःचा फोटो बघून क्लिक करते.

उंबरठा | मंगळवार, संध्याकाळी ५:३५

हे डोक्यातच आलं नव्हतं. या शनिवारी करतो. वडिलांचा आवडता फोटो शोधायला लागलोय.

पाणकळा | मंगळवार, रात्री ९:१०

धाग्याच्या विषयाला जोडूनच, पण थोडं पुढचं लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मी काम बदललं. जुन्या ठिकाणच्या कॉम्प्युटरवर मी जेवणाच्या सुट्टीत माझं खासगी चॅट उघडायचे. शेवटच्या दिवशी निरोपाच्या गडबडीत साइन आउट करायचं राहिलं. ते कॉम्प्युटर पुढे कुणाला दिलं मला माहीत नाही. तीन आठवड्यांनी फोनवर सहज सेटिंग बघत होते तर जोडलेल्या यंत्रांच्या यादीत ते कॉम्प्युटर होतं, आणि ‘शेवटचं सक्रिय’पुढे त्याच दिवशीची वेळ. माझ्या बहिणीच्या आजारपणाबद्दलचं सगळं बोलणं त्या चॅटमध्ये होतं. कुणी वाचलं की नाही, मला कधीच कळणार नाही. ती रात्र मी विसरू शकत नाही.

म्हणून सगळ्यांना विनंती: तो कॉम्प्युटर समोर नसला तरी फोनवरून साइन आउट करता येतं, ते आज करून बघा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंगमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’, हव्या त्या नावावर टॅप करून लॉग आउट. फोनखेरीज चार यंत्रं जोडता येतात आणि फोन १४ दिवस वापरलाच नाही तर ती आपोआप सुटतात. पण फोन आपण रोज वापरतो, त्यामुळे त्या १४ दिवसांवर विसंबू नका. टेलिग्राममध्ये ‘डिव्हाइसेस’मध्ये बाकीची सगळी सत्रं एकदम संपवता येतात, शिवाय किती काळ वापर झाला नाही तर सत्र आपोआप संपवायचं तेही ठरवता येतं. मी एक आठवडा ठेवलंय.

तिरकीरेघ | मंगळवार, रात्री ९:३४

पाणकळा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या पहिल्या प्रतिसादात हे यायला हवं होतं. फोनवरून असं साइन आउट केलं की सर्व्हर ते टोकन रद्दच करतो. मग त्या कॉम्प्युटरवर अक्षरमाळ पडून असली तरी तिला कुणी आत घेत नाही. कॉम्प्युटर विकताना, दुरुस्तीला देताना, काम सोडताना हे आधी करावं.

पायरीवरची | मंगळवार, रात्री १०:०१

आत्ता बघितलं. माझ्या यादीत तीन यंत्रं होती, त्यातलं एक मला आठवतही नाही. काढलं. हात थरथरत होते.

सांजसावली | बुधवार, सकाळी १०:२०

माझा छोटा प्रश्न. आईच्या लॅपटॉपवर स्टार्टअपच्या यादीत अजून स्काइप दिसतं. ते आता बंद झालंय ना? ठेवू की काढू?

कळफलक | बुधवार, सकाळी १०:३२

५ मे २०२५ला बंद झालं. नुसतं डिसेबल करून ठेवू नका, अनइन्स्टॉलच करा.

चांदणचुरा | बुधवार, रात्री ११:४८

उशीर झाला, पण सांगितल्याशिवाय झोपवेना.

ऑफिसचं खातं ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’मध्ये जोडलेलं निघालं. आयटीमधल्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, घरच्या कॉम्प्युटरवर ते जोडायची गरजच नव्हती, खुशाल तोडा, आणि पुन्हा विचारलं तर ‘फक्त याच अ‍ॅपसाठी’ निवडा. तसं केलं. साइन आउट केलं, पुन्हा उघडलं. आता तो माझा पत्ता आणि पासवर्ड दोन्ही विचारतो. रोज टाकावा लागेल, चालेल मला.

अबोली२, तुमचं ऐकून मुलासाठी वेगळं खातं केलं. आईसाठी अजून केलेलं नाही, तिला आधी दाखवेन, तिला पटलं तर.

आज रात्री मुलाने साडेदहाला कॉम्प्युटर लावला. मी मुद्दाम शेजारी बसून राहिले. नुसता पडदा, त्यावर त्याचं चित्र. घड्याळाशेजारी काही नाही. माझ्या त्या मैत्रिणीला मी आधीच सांगून ठेवलं होतं, फोन करून विचारलं, माझ्या नावापुढे काय दिसतंय? ती म्हणाली, राखाडी. मग तिने तिच्या घरी हेच कसं करायचं ते विचारलं, आणि आम्ही पाऊण तास बोललो. तिला या धाग्याचा दुवा पाठवलाय. तिच्याकडे मॅक आहे. निळीशाई, तिला ती खिडक्या पुन्हा उघडण्याची चौकट सापडत नाहीये, जरा सांगाल का?

निळीशाई | गुरुवार, सकाळी ७:१५

हो, सांगते. डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदाच्या मेनूतून ‘शट डाउन’ निवडायला सांगा. तिथे चौकट येईल, टिक तिच्यातच आहे. ऑप्शन हे बटण दाबून धरून शट डाउन निवडलं तर चौकट येतच नाही, ती तसं करत असेल. तरी नाही सापडली तर तिलाच इथे लिहायला सांगा, मी दिवसभर आहे.